कॅशे साफ करण्याआधी: ऑनलाइन अभ्यास करताना ब्राउझर अडला तर काय तपासायचं

ऑनलाइन अभ्यासक्रमाचं पान अडलं की घरात, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि मदत केंद्राच्या फोनवर एकच सल्ला मिळतो: कॅशे क्लिअर कर, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेल्या पानांच्या प्रती पुसून टाक. कधीकधी त्याने काम होतंही. पण बऱ्याचदा त्याबरोबर कुकीही, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवायला साइटने ब्राउझरात ठेवलेल्या नोंदी, पुसल्या जाऊन सगळ्या साइटवरून लॉगआउट होतं, पासवर्ड कुणालाच आठवत नसतो, ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर जातो आणि वडील ड्युटीवर असतात. मूळ अडचण तशीच राहते आणि वर नवी पदरात पडते.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी बिघाड कुठे आहे ते शोधायचं, मग हात लावायचा. त्याच्या जागा पाचच: साइटचा सर्व्हर (साइट जिथून येते तो पलीकडचा संगणक), इंटरनेट, आपलं लॉगिन, ब्राउझर आणि यंत्र. उदाहरणं मूडल, गूगल क्लासरूम, स्वयम आणि दीक्षा या ऑनलाइन शिक्षणाच्या साइट-ॲपची घेतली आहेत, कारण इथल्या विद्यार्थ्यांचा रोजचा संबंध त्यांच्याशीच येतो. ब्राउझर क्रोम धरला आहे. मायक्रोसॉफ्ट एज आतून त्याच क्रोमियमवर बांधलेला असल्याने तिथेही बहुतेक पायऱ्या चालतात. फायरफॉक्सचं वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

पहिली तपासणी

१. पडद्यावर काय लिहून आलंय ते वाचा. ‘एरर येतोय’ याच्या पुढे फारसं कुणी वाचत नाही, आणि निम्मं उत्तर तिथेच असतं. ४०४ आला तर त्या पत्त्यावर पान नाही: शिक्षकांनी ते हलवलं असेल किंवा मेसेजमधून लिंक अर्धवट कॉपी झाली असेल. ४०३ म्हणजे पान जागेवर आहे, पण तुम्हाला आत सोडलं जात नाही. तिथे पहिला संशय लॉगिनवर घ्यायचा. ५०० पासून पुढचे, म्हणजे ५००, ५०२, ५०३, ५०४ हे सर्व्हरचे. असाइनमेंटच्या शेवटच्या रात्री अकरा वाजता यातलं एखादं दिसलं तर तुमच्या बाजूने दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघा. उगाच रिफ्रेश मारत बसलात तर दमलेल्या सर्व्हरवरचा भार वाढतो, एवढंच. ‘साइट कान्ट बी रीच्ड’ असं लिहून खाली ‘ईआरआर’ने सुरू होणारा कोड आला तर बहुतेक वेळा दोष नेटचा असतो.

२. दुसरी एखादी साइट उघडा. रोजची नको, कारण तिचं जुनं साठवलेलं पान दिसू शकतं. बरेच दिवस न उघडलेली घ्या. कॉलेजच्या वाय-फायचा सिग्नल पूर्ण दिसतोय आणि तरी काहीच उघडत नाही, असं असेल तर त्या वाय-फायचं स्वतःचं लॉगिनचं पान अडून राहिलेलं असतं. ॲड्रेस बारमध्ये नेव्हर एसएसएल डॉट कॉम ही साइट टाका. ती मुद्दाम विनाकुलुपाची, म्हणजे सांकेतिक संरक्षण नसलेली ठेवली आहे, त्यामुळे वाय-फायला मध्ये येऊन आपलं लॉगिनचं पान दाखवता येतं.

३. तेच पान इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकत्र दाबा. फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी. या खिडकीत जुन्या कुकी नसतात, दुसऱ्या कुणाचं लॉगिन नसतं आणि मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शनही (ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम) बंद असतात. इथे पान नीट चाललं तर सर्व्हर, नेट आणि यंत्र तिन्ही निर्दोष सुटले. दोष तुमच्या रोजच्या खिडकीत आहे, आणि तो कुकीचा, कॅशेचा, एक्स्टेन्शनचा किंवा चुकीच्या खात्याचा असणार.

४. इन्कॉग्निटोतही नाही चाललं, तर दुसरा ब्राउझर. तिथेही नाही, तर त्याच वाय-फायवर मोबाइल. मोबाइलवरही नाही, तर वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर. दर वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर पान सुरू होईल, पण कशामुळे ते कळणार नाही आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

इन्कॉग्निटो ही तपासणीची खिडकी आहे. तिच्यात परीक्षा देऊ नका. खिडकी बंद झाली की लॉगिन जातं. शिवाय क्रोमच्या इन्कॉग्निटोमध्ये तृतीय पक्षाच्या, म्हणजे पान ज्या साइटचं आहे तिच्याखेरीज दुसऱ्या साइटच्या, कुकी आपोआप अडवल्या जातात, त्यामुळे पानात बसवलेला एखादा व्हिडिओ किंवा सराव-संच फक्त तिथेच रुसू शकतो.

एक लॅपटॉप, घरातली सगळी खाती

‘यू नीड ॲक्सेस’. गूगल क्लासरूम किंवा ड्राइव्हवरच्या नोट्स उघडताना हे पान आलं नाही असा विद्यार्थी विरळा. ‘सर, मला नोट्स दिसत नाहीत, बाकी सगळ्यांना दिसतात’ अशी तक्रार आली की मी आधी पानाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातला गोल बघायला सांगतो. तिथे बहुतेक वेळा आईचा हसरा फोटो असतो. लॅपटॉप आईच्या जीमेलने सुरू केलेला, त्यात मुलीने कॉलेजचा आयडी जोडलेला, मग धाकट्याचा शाळेचा. गूगल पहिल्यांदा लॉगिन केलेल्या खात्याला शून्य क्रमांक देतं, पुढच्यांना एक, दोन. पानाच्या पत्त्यात इंग्रजी यू, मग तिरकी रेघ आणि त्यापुढे आकडा दिसतो, तो हाच. ग्रुपवर आलेली लिंक सहसा शून्य क्रमांकाच्या खात्यात उघडते. शिक्षकांनी नोट्स कॉलेजच्या आयडींना दिलेल्या असतात, आणि दारात उभी असते आई.

अशा वेळी ‘रिक्वेस्ट ॲक्सेस’ दाबू नका. शिक्षकांकडे आईच्या नावाने विनंती जाते. त्यांनी ती ओळखली नाही तर पडून राहते, आणि मंजूर केली तरी पुढची फाइल पुन्हा अडतेच. तात्पुरता उपाय म्हणजे पानातल्या त्या गोलावर क्लिक करून कॉलेजचं खातं निवडणं. कायमचा उपाय प्रत्येकासाठी वेगळी प्रोफाइल:

१. क्रोमच्या पट्टीवर, तीन टिंबांच्या शेजारी एक गोल असतो. हा ब्राउझरचा गोल. पानाच्या आतला, गूगलच्या साइटवर दिसणारा गोल वेगळा. सगळा घोळ या दोन गोलांमुळेच होतो.
२. ब्राउझरच्या गोलावर क्लिक करून नवीन प्रोफाइल जोडण्याचा पर्याय निवडा.
३. तिथे फक्त कॉलेजच्या किंवा शाळेच्या आयडीने लॉगिन करा. दुसरं एकही खातं जोडू नका, ‘जरा मेल बघायला’सुद्धा नाही.
४. प्रोफाइलला नाव आणि ठळक रंग द्या. अभ्यासाची खिडकी हिरवी असेल तर चुकीच्या खिडकीत लिंक उघडली की लगेच डोळ्यांत येतं.
५. डेस्कटॉपवर त्या प्रोफाइलचा शॉर्टकट करून ठेवा आणि अभ्यासाला बसताना त्यावरूनच आत शिरा.

प्रत्येक प्रोफाइलच्या कुकी, पासवर्ड, बुकमार्क आणि एक्स्टेन्शन वेगळे राहतात. आईने कूपन शोधणारं एक्स्टेन्शन टाकलं म्हणून मुलीची क्विझ बंद पडत नाही. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या कितीतरी या एका बदलाने कायमच्या थांबल्या आहेत, म्हणून यावर एवढं लिहिलं.

कुकी आणि कॅशे, पण बेताने

खातं बरोबर आहे, तरी लॉगिन केलं की पुन्हा लॉगिनचंच पान येतं, किंवा शिक्षकांनी बदललेलं वेळापत्रक जुनंच दिसतं. आता साफसफाईची वेळ आली. ती लहानापासून मोठ्याकडे करायची.

आधी कंट्रोल आणि एफ ५ एकत्र दाबा. यात ब्राउझर साठवलेली प्रत बाजूला ठेवून पान नव्याने मागवतो. तेवढ्याने भागलं नाही तर फक्त त्या साइटचा साठा काढा. ॲड्रेस बारच्या डाव्या टोकाला पूर्वी कुलूप असायचं, क्रोमने २०२३ मध्ये तिथे दोन सरकत्या बटणांचं चिन्ह आणलं. त्यावर क्लिक करून ‘कुकीज अँड साइट डेटा’मध्ये जा, साइटच्या नावापुढची कचराटोपली दाबा, पान पुन्हा लोड करा. लॉगआउट होईल ते त्या एका साइटवरून. बाकी सगळं जागेवर राहील.

यानंतरही अडलं तरच कंट्रोल, शिफ्ट, डिलीट एकत्र दाबून ब्राउझरचा साठा पुसण्याची खिडकी उघडा. तिथेही ‘कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स’ एवढ्याच चौकटीत टिक ठेवा. कुकी आणि पासवर्ड यांच्या टिका काढा.

पानात बसवलेल्या बाहेरच्या सामग्रीची गोष्ट थोडी निराळी. मूडलच्या पानात दुसऱ्या कंपनीचा व्हिडिओ किंवा सराव-संच चौकटीत बसवलेला असतो, आणि त्या चौकटीतच पुन्हापुन्हा ‘साइन इन’ येत राहतं. चौकटीतली साइट ब्राउझरच्या लेखी तिऱ्हाईत असते. ॲपलचा सफारी ब्राउझर २०२० पासून तिऱ्हाइतांच्या कुकी सरसकट अडवतो आणि फायरफॉक्स २०२२ पासून त्या साइटगणिक वेगळ्या कोंडून ठेवतो. चौकटीखाली ‘नव्या खिडकीत उघडा’ अशी लिंक असेल तर ती वापरा, प्रश्न मिटतो. नसेल आणि क्रोममध्ये ॲड्रेस बारच्या उजव्या टोकाला डोळ्याचं चिन्ह दिसत असेल, तर तिथून त्या एका साइटपुरती परवानगी द्या. सगळ्या इंटरनेटसाठी हे संरक्षण काढून टाकायचं काही कारण नाही.

एक्स्टेन्शनचा संशय असेल तर सगळी बंद करा आणि एकेक सुरू करत पान तपासा. माझा पहिला संशय जाहिराती अडवणाऱ्यांवर, दुसरा फुकटच्या व्हीपीएनवर (आपली जोडणी दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवणाऱ्यांवर) असतो.

व्हिडिओ

आवाज येतोय पण चित्र काळं किंवा हिरवं दिसतंय, तर ब्राउझर आणि ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावर चित्र आणणारा यंत्रातला प्रोग्रॅम) यांचं जमत नाही. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’खाली ‘यूज ग्राफिक्स ॲक्सिलरेशन’ बंद करा आणि क्रोम पुन्हा सुरू करा. चित्र आहे पण आवाज नाही, तर वर टॅबवर उजवी क्लिक करून बघा. साइट म्यूट केलेली असते आणि ते लक्षात राहिलेलं नसतं. व्हिडिओ अडखळत असेल तर दर्जा ऑटोवरून काढून ३६० वर आणा. फळ्यावरची गणितं वाचता येत नसतील तर ४८० करा. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमाची व्याख्यानं यूट्यूबवरही आहेत. अभ्यासक्रमाच्या पानात ती अडत असतील तर थेट तिकडे पाहून या आणि असाइनमेंटसाठी परत या.

एका बाबतीत मात्र काहीही करू नका. जुन्या ई-कंटेंटच्या पानावर ‘फ्लॅश प्लेअर आवश्यक’ असं दिसलं, तर ते पान मेलेलं आहे. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशची सामग्री चालवणंही अडवलं. आज फ्लॅश प्लेअर डाउनलोड करायला देणाऱ्या साइट व्हायरस वाटायला बसल्या आहेत. शिक्षकांना कळवा आणि पर्यायी साहित्य मागा.

मराठी अक्षरांचा गोंधळ

पानावर मराठीऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसली तर तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना समजणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीत, नाही. श्रीलिपी, कृतीदेव किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये तो टाइप केलेला आहे. त्या फॉन्टची प्रत तुमच्या यंत्रावर नाही, म्हणून ब्राउझर खालची मूळ इंग्रजी कळच दाखवतो. ब्राउझर बदलून किंवा कॅशे साफ करून यात फरक पडणार नाही. तोच फॉन्ट यंत्रावर टाका, नाहीतर मजकूर कॉपी करून त्या फॉन्टच्या युनिकोड कन्व्हर्टरमधून काढा. पीडीएफचं उलट असतं. फॉन्ट फाइलमध्येच गुंडाळलेला असल्याने वाचायला ती स्वच्छ दिसते. पण त्यातला परिच्छेद कॉपी करून नोट्समध्ये चिकटवला की कचरा होतो आणि शब्द शोधला तर सापडत नाही. तुमच्या ब्राउझरचा त्यात दोष नाही.

आपोआप होणारा अनुवादही बंद ठेवा. क्रोमचा अनुवादक पानाच्या आतल्या रचनेत हात घालून मजकूर बदलतो, आणि ही ढवळाढवळ काही साइटना झेपत नाही. प्रश्नाचं उत्तर निवडलं की पान पांढरं पडतं, किंवा बटण दाबूनही काही होत नाही. ॲड्रेस बारमधल्या अनुवादाच्या चिन्हावर जाऊन ‘नेव्हर ट्रान्सलेट धिस साइट’ निवडा.

कॅमेरा आणि पॉप-अप

कॅमेरा चालत नसेल तर ॲड्रेस बारच्या डाव्या चिन्हात परवानगी बघा, मग विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये. दोन्हीकडे सुरू असेल तर मागे दुसरं मीटिंगचं ॲप उघडं आहे का, ते पाहा. एकाने कॅमेरा धरून ठेवला की बरेचदा दुसऱ्याला मिळत नाही. काही लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर सरकती झडप असते, तीही पाहा.

हॉल तिकीट किंवा क्विझ ‘उघडतच नाही’ आणि एररही येत नाही, तर पॉप-अप, म्हणजे वेगळी उघडणारी छोटी खिडकी, अडलाय. ॲड्रेस बारच्या उजव्या टोकाला लहानसं चिन्ह आलेलं असतं, तिथून त्या साइटला कायमची परवानगी द्या.

घड्याळ आणि जुनी यंत्रं

शाळेच्या लॅबमधला किंवा घरचा जुना डेस्कटॉप सुरू केला आणि प्रत्येक साइटवर ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ येतंय. खाली बघा: तारीख काही वर्षं मागे गेलेली असेल. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि यंत्राच्या घड्याळानुसार ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. तारीख-वेळ दुरुस्त करा, सगळं सुरू होईल. वीज गेली की तारीख पुन्हा मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख बरोबर असूनही हा इशारा आला, तर ‘प्रोसीड’ दाबून पासवर्ड टाकू नका.

विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. ती जानेवारी २०२३ मध्ये आली आणि त्यापुढे क्रोम तिथे वाढतच नाही. नव्या साइट अशा ब्राउझरात अर्धवट उघडतात, बटणं एकावर एक चढतात. या यंत्रांसाठी फायरफॉक्सची ११५ ईएसआर (जास्त काळ आधार मिळणारी) आवृत्ती त्यातल्या त्यात बरी, पण तीही शेवटचीच. लॅबचं यंत्र सशक्त असेल तर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून घेणं उत्तम, ब्राउझरपुरतं काम असेल तर विद्यार्थ्यांना फरकही जाणवत नाही. इंटरनेट एक्सप्लोरर मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला निवृत्त केला. ‘फक्त एक्सप्लोररमध्येच उघडा’ असं सांगणारं पान भेटलं, तर एजच्या सेटिंग्जमधला ‘आयई मोड’ चालू करून पाहा.

मोबाइलवर

टेलिग्राममधून उघडलेली लिंक अनेकदा त्या ॲपच्याच आतल्या ब्राउझरात उघडते. तिथे तुमचं क्रोममधलं लॉगिन नसतं, फायलीही नीट उतरत नाहीत. तीन टिंबांतून ‘ओपन इन क्रोम’ करा. दीक्षासारखं ॲप उघडल्यावर पांढरं पान देत असेल तर प्ले स्टोअरमध्ये ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’ आणि क्रोम दोन्ही अपडेट करून पाहा. अनेक ॲप आतली पानं दाखवायला तेच वापरतात. फोनची जागा भरली असेल तर पीडीएफ उतरत नाही, आणि दोष नेटला दिला जातो.

क्विझ चालू असताना नेट गेलं तर

पान बंद करू नका, रिफ्रेश करू नका, बॅक दाबू नका. मूडल लिहिलेली उत्तरं ठरावीक वेळाने स्वतः साठवतं आणि संपर्क तुटला की पडद्यावर तसा इशारा देतं. लांब उत्तर लिहीत असाल तर पहिलं काम म्हणजे ते सगळं निवडून नोटपॅडमध्ये चिकटवणं. नेट आल्यावर इशारा गेला तर पुढे चला. लॉगिनच संपलं असेल तर पुन्हा लॉगिन करून क्विझच्या पानावर जा, तिथे अर्धवट प्रयत्न पुढे चालू ठेवण्याचं बटण असतं. आधीच्या टॅबमधून उत्तर पाठवू नका, जुन्या लॉगिनचा तो टॅब सर्व्हर स्वीकारत नाही. घड्याळ सर्व्हरवर चालू असतं, त्यामुळे नेट नव्हतं तेवढी मिनिटं गेलेलीच धरा.

मदत मागताना

‘साइट चालत नाही’ एवढ्या मेसेजवर मदत केंद्रातला माणूस उलट प्रश्न विचारण्यापलीकडे काही करू शकत नाही. स्क्रीनशॉट पूर्ण पडद्याचा हवा, ॲड्रेस बार आणि घड्याळासकट. मोबाइलने लॅपटॉपच्या पडद्याचा तिरका फोटो नको. मेसेज साधारण असा लिहा:

‘नमस्कार सर, दुसऱ्या सत्राच्या सांख्यिकी अभ्यासक्रमात तिसऱ्या घटकाची क्विझ उघडताना ४०३ येतोय. आज संध्याकाळी ७.४० पासून. विंडोज १०, क्रोमची नवी आवृत्ती. इन्कॉग्निटोत आणि फायरफॉक्समध्ये तसंच. मोबाइल डेटावरही तसंच. बाकी घटक उघडतात. लॉगिन कॉलेजच्या आयडीने केलंय. स्क्रीनशॉट जोडला आहे.’

हे वाचून मदत करणाऱ्याला कळतं की विद्यार्थ्याच्या बाजूचं सगळं तपासून झालंय. तो थेट त्या क्विझच्या परवानग्या बघायला जातो. मेसेजमध्ये पासवर्ड आणि ओटीपी लिहू नका, कुणी मागितला तरी. आवृत्तीचा नेमका आकडा मागितला तर क्रोमच्या तीन टिंबांत ‘हेल्प’ आणि मग ‘अबाउट गूगल क्रोम’ उघडा. अपडेट बाकी असेल तर ते तिथेच आपोआप सुरू होतं. ते झाल्यावर क्रोम पुन्हा सुरू करून पान एकदा परत तपासा, मगच मेसेज पाठवा.